ओव्हनमधले पोर्क चॉप्स वातड का होतात, आणि काय केलं म्हणजे होत नाहीत

विचारलेला प्रश्न असा: बिनहाडाचे, जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीचे पोर्क चॉप्स लिंबू आणि व्हिनेगर लावून रात्रभर मुरवले, ट्रेमध्ये मांडून वरून फॉइल घट्ट बसवली आणि १८० अंशांवर पाऊण तास ठेवले. निघाले ते कडक आणि कोरडे. पुढच्या वेळी मऊ पडावेत म्हणून सव्वा तास ठेवले, तर आणखी वातड झाले. मग वेळ नेमका किती ठेवायचा, झाकायचं की उघडं ठेवायचं, आणि आतून गुलाबी दिसलं तर खाल्लेलं चालतं का?

वेळ वाढवायचा नाही, कमी करायचा आहे, आणि तोही थोडाथोडका नाही. दीड सेंटिमीटरचा चॉप १८० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटांत शिजतो. तुमचे चॉप्स कच्चे राहिले म्हणून कडक झाले नाहीत. ते केव्हाच शिजले होते आणि उरलेला अर्धा तास नुसते आटत होते. मांस दाताला कडक लागलं की 'अजून थोडं शिजू दे' असंच मनात येतं. रश्श्यात शिजवायच्या मांसाला ते लागूही पडतं. चॉपला मात्र तीच सवय मारक ठरते, आणि माझ्या पाहण्यात घरोघरचे बहुतेक चॉप्स याच एका कारणाने बिघडतात. मसाला, ओव्हनचा ब्रँड, झाकण, या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

चॉप म्हणजे डुकराच्या पाठीच्या कण्याला लागून जो लांबलचक स्नायू असतो, त्याचा आडवा काप. चालताना, उभं राहताना जनावराचा सगळा भार खांद्यांवर आणि पायांवर येतो; पाठीच्या या स्नायूला कष्ट कमी. म्हणून तो मुळातच मऊ असतो आणि त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग, फार थोडा असतो. खांद्याच्या मांसात हेच कोलॅजन भरपूर असतं. ते तासन्‌तास मंद आचेवर ठेवलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि मांस चमच्याने तुटतं. चॉपमध्ये विरघळायला फारसं काही नाहीच. त्याच्यात आहे ते पाणी, कच्च्या मांसाच्या वजनाच्या जवळजवळ पाऊण हिस्सा, आणि थोडी चरबी. जास्त शिजवून मिळवण्यासारखं काही नसतं, गमावण्यासारखं मात्र सगळं असतं.

आता आत काय घडतं ते. मांसातली प्रथिनं एकदम नाही, टप्प्याटप्प्याने आवळतात. मायोसिन नावाचं प्रथिन ५० अंशांच्या आसपास आपला आकार बदलतं. तेव्हा मांस लिबलिबीत राहत नाही, त्याला घट्टपणा येतो आणि ते शिजल्यासारखं लागायला लागतं. दुसरं प्रथिन, ॲक्टिन, ६६ अंशांच्या आसपास बदलायला लागतं, आणि ते बदललं की ओला कपडा पिळावा तसं मांस आतलं पाणी बाहेर टाकतं. या दोन टप्प्यांच्या मधली जागा, साधारण ६० ते ६५ अंश, ही चॉपची जागा. ७० ला तो खाण्यासारखा असतो, पण कोरडेपणा जाणवतो. ७५ च्या पुढे गेला की वर कितीही सॉस ओता, चावताना दोऱ्यासारखे धागे लागतातच. तुमच्या ट्रेमधले चॉप्स पाऊण तासानंतर ९० अंशांच्या वर असणार, आणि फॉइल उघडल्यावर तळाशी जे पांढरट पाणी साचलेलं दिसलं असेल, तोच चॉपमधून गेलेला रस.

म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: घड्याळ बघून नाही, चॉपच्या पोटातलं तापमान बघून तो बाहेर काढा. त्यासाठी सुईचा डिजिटल थर्मामीटर लागतो. ही महागडी हौस नाही, ओव्हनमध्ये मांस करणाऱ्याला ती सुरीइतकीच गरजेची वस्तू आहे. अनुभवी लोक बोटाने दाबून अंदाज घेतात हे खरं, मीही घेतो. पण जाड-पातळ, हाडाचे-बिनहाडाचे, फ्रीजमधून आत्ता काढलेले आणि अर्धा तास बाहेर ठेवलेले असे चॉप्स एकाच ट्रेमध्ये असले की बोट फसवतं. सुई वरून खाली खुपसू नका. चॉप पातळ असतो, वरून घातलेली सुई क्षणात आरपार जाऊन ट्रेचं तापमान दाखवते. बाजूने, आडवी, जाडीच्या बरोबर मध्यावर न्या आणि हाडापासून बोटभर लांब ठेवा. मग सुई हळूहळू मागे ओढत जे सर्वांत कमी तापमान दिसेल, ते खरं. थर्मामीटर नीट आहे का, हे पाहायला पेलाभर बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि सुई त्यात बुडवा; शून्य दाखवायला हवं.

गुलाबी रंगाची भीती. ही भीती पोकळ नाही, तिला कारण होतं. डुकराच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा कृमी आणि टेपवर्मच्या अळ्या असू शकतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या 'डुकराचं मांस करकरीत शिजवा' असं सांगितलं गेलं. पण ट्रिकिनेला ६० अंशांवर मिनिटभरात मरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली आपली शिफारस बदलली: सबंध तुकड्यांसाठी, म्हणजे चॉप्स आणि रोस्टसाठी, पूर्वीच्या ७१ अंशांऐवजी ६३ अंश आणि त्यानंतर किमान ३ मिनिटं तसंच ठेवणं. ही ३ मिनिटंही शिजण्याचाच भाग आहेत, त्यांना फाटा देऊ नका. खिम्याला मात्र ७१ अंशच, कारण खिमा करताना वरचे जंतू आत सगळीकडे मिसळतात. ज्या मांसाची सरकारी तपासणी झाली आहे की नाही याची खात्री नाही, ते मी स्वतः ७१ च्या खाली खाणार नाही आणि कुणाला वाढणारही नाही. गर्भवती, फार म्हातारी माणसं, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्यासाठीही मी ७१ पर्यंत नेतो. पुढे मिठाचं सांगतो आहे ते नीट केलं तर ७१ चा चॉपही वातड होत नाही, थोडा घट्ट होतो इतकंच.

रंगावर मात्र विसंबू नका, दोन्ही बाजूंनी. हाडाजवळचं मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबी राहू शकतं. आणि काही मांस ६० च्या आधीच पांढरं पडतं, बघणाऱ्याला वाटतं झालं. 'रस स्वच्छ निघाला की शिजलं' हा जुना ठोकताळाही तितकाच बेभरवशाचा आहे; शिवाय तो पाहायला चॉप कापावा लागतो.

खरेदीकडे येऊ, कारण निम्मं काम तिथेच होतं. दीड सेंटिमीटरचा चॉप ओव्हनसाठी नव्हेच. तो बाहेरून सोनेरी होईपर्यंत आतून ८० वर गेलेला असतो. त्यात हुकायला जागाच नाही. कापून देणाऱ्याला स्पष्ट सांगा: तीन ते साडेतीन सेंटिमीटर जाड, सगळे एकसारखे. संख्या कमी घ्या, जाडी जास्त घ्या. एक जाड चॉप शिजवून दोघांना कापून वाढणं हे दोन पातळ चॉप्सपेक्षा केव्हाही चांगलं. हाडासकट मिळाला तर हाडासकटच घ्या. हाडाने चव मांसात उतरते वगैरे जे सांगतात त्यात मला फार तथ्य वाटत नाही, पण हाडालगतचं मांस हळू तापतं आणि तेवढा भाग हमखास रसाळ राहतो, हे खरं. त्यातही बरगडीकडचा चॉप पहिला पसंतीचा: एकच मोठा स्नायू, कडेला वक्र हाड, चरबीही जरा जास्त. कमरेकडच्या चॉपमध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं हाड असतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे स्नायू. त्यातला लहान, नाजूक तुकडा आधी शिजून जातो. तो घेतलात तर लहान तुकड्याची बाजू ओव्हनच्या कमी तापणाऱ्या कडेला ठेवा. मागच्या पुठ्ठ्याकडच्या चॉपमध्ये बरेच स्नायू आणि हाडं गुंतलेली असतात, तो ओव्हनमध्ये एकसारखा शिजत नाही. स्वस्त मिळाला तरी या कामासाठी नको.

मांस गुलाबीसर-लाल, दाबलं तर घट्ट आणि त्यात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा हव्यात. फिकट, मऊ पडलेलं आणि पाकिटात पाणी सुटलेलं मांस घेऊ नका. कत्तलीआधी जनावर घाबरलं, दमलं की मांस गरम असतानाच त्यातली आम्लता झपाट्याने वाढते आणि प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते. असं मांस कितीही जपून शिजवा, कोरडंच होतं. आणि लेबल वाचा. काही पाकिटांतल्या मांसात मिठाचं द्रावण आधीच टोचलेलं असतं. त्याला पुन्हा मीठ मुरवलं तर खारट होईल.

तापमानानंतर सर्वांत महत्त्वाचं काही असेल तर मीठ. आणि ते चवीसाठी नाही, निदान फक्त चवीसाठी नाही. मीठ आत शिरलं की स्नायूंतली काही प्रथिनं सैल होतात आणि तापल्यावर पूर्वीइतकी आवळत नाहीत. म्हणजे तेवढंच तापमान गाठूनही पाणी कमी सुटतं. बाकीचे मसाले, लसूण, मिरी, औषधी पानं, वरच्या दोन-चार मिलिमीटरांपलीकडे जात नाहीत. आतपर्यंत जाणारं मीठच.

मी कोरडं मीठ लावतो. एक किलो चॉप्सना १२ ग्रॅम मीठ, बारीक मीठ असेल तर साधारण दोन सपाट छोटे चमचे. दोन्ही बाजूंना आणि कडांना सारखं पडेल असं जरा उंचावरून भुरभुरवा. पुढे काय होतं ते एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. पाच-दहा मिनिटांत पृष्ठभागावर पाण्याचे बारीक मणी दिसायला लागतात, मग ते एकमेकांत मिसळून चॉप वरून ओलाचिंब होतो. हे मिठाने ओढलेलं पाणी. या क्षणी चॉप भाजायला घेतलात तर तो भाजण्याऐवजी वाफवला जाईल. थांबा. अर्ध्या-पाऊण तासाने तेच पाणी, आता खारट झालेलं, मांस परत शोषून घ्यायला लागतं आणि पृष्ठभाग पुन्हा कोरडा दिसतो. म्हणून मीठ एक तर अगदी भाजण्याच्या क्षणी लावा, नाहीतर किमान पाऊण तास आधी. मधली वेळ सर्वांत वाईट. सर्वांत चांगलं म्हणजे आदल्या रात्री लावून, जाळीवर ठेवून, उघडेच फ्रीजमध्ये ठेवणं, कच्चं मांस इतर अन्नाच्या खालच्या कप्प्यात. सकाळी त्यांचा पृष्ठभाग कागदासारखा कोरडा लागतो, आणि अशा कोरड्या पृष्ठभागावरच चांगला रंग चढतो. मांसावर तो खमंग तांबूस रंग साधारण १४० अंशांच्या पुढे नीट येतो; पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान १०० च्या वर जातच नाही.

मिठाच्या पाण्यात बुडवणं ही दुसरी रीत. एक लिटर गार पाण्याला ५० ग्रॅम मीठ आणि हवी तर चमचाभर साखर, जाड चॉप्सना दोन ते चार तास फ्रीजमध्ये. मांस फारच कमी चरबीचं असेल किंवा ७१ पर्यंत न्यायचं असेल तेव्हा ही रीत कामाला येते. पण पाणी आत गेलं की चव थोडी पातळ होते आणि भाजायच्या आधी टिपून टिपून कोरडं करावं लागतं, म्हणून रोजच्यासाठी मी ती निवडत नाही.

लिंबू-व्हिनेगरचं काय? तुमचे चॉप्स बिघडण्यात त्याचाही हात आहे. तीव्र आम्लात रात्रभर ठेवलेलं मांस वरून शिजल्यासारखं पांढरट होतं, त्याचा वरचा थर भुसभुशीत पडतो आणि आत मात्र काहीच फरक पडत नाही. आंबटपणा हवा तर अर्धा-एक तास पुरे, किंवा त्याहून चांगलं म्हणजे वाढताना वरून पिळा. दही त्यातल्या त्यात सौम्य, ते तीन-चार तास चालतं, पण भाजण्याआधी पुसून काढा.

आता प्रत्यक्ष कृती. चॉपच्या कडेला चरबीची पट्टी असते, आणि चरबी व मांस यांच्या मध्ये एक पातळ चंदेरी पडदा असतो. तापल्यावर हा पडदा मांसापेक्षा जास्त आकसतो आणि चॉप वाटीसारखा वाकडा होतो. मग मध्यभाग तव्याला टेकतच नाही. म्हणून चरबीतून त्या पडद्यापर्यंत, दर दोन-तीन सेंटिमीटरवर एक चीर द्या. मांसात चीर जाऊ देऊ नका. मांस धुऊ नका, त्याने ओटाभर जंतू उडतात आणि मांस ओलं होतं ते वेगळंच. फडक्याने नाही, कागदाने टिपा.

ओव्हन १३० अंशांवर लावा आणि पूर्ण तापू द्या. छोट्या ओव्हनला दिवा विझल्यावरही आणखी दहा मिनिटं द्यावी लागतात, कारण हवा तापलेली असली तरी भिंती तापलेल्या नसतात. डायलवरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत वीस-वीस अंशांचा फरक असू शकतो. आत टांगायचा साधा थर्मामीटर ठेवलात तर तुमचा ओव्हन कसा वागतो ते एकदाचं कळेल. पंखा लावणार असाल तर वीस अंश कमी ठेवा.

चॉप्सना तेलाचं बोट फिरवा, मिरी घाला, आणि ट्रेवर जाळी ठेवून त्यावर मांडा. जाळी असली की खालूनही गरम हवा लागते आणि चॉप स्वतःच्या रसात बसत नाही. झाकायचं नाही. फॉइलखाली वाफ कोंडते; वाफ कोरड्या हवेपेक्षा खूप जोरात उष्णता देते, त्यामुळे चॉप झपाट्याने तापतो आणि रंगही येत नाही. झाकल्याने मांस ओलं राहतं असं वाटतं, पण पाणी बाहेरच्या हवेमुळे जात नाही, आतल्या तापमानामुळे पिळलं जातं. झाकण ते थांबवू शकत नाही.

तीन-साडेतीन सेंटिमीटरचा चॉप १३० अंशांवर अर्धा ते पाऊण तास घेतो. विसाव्या मिनिटापासून सुई लावायला सुरुवात करा. आधी आकडे सावकाश चढतात. शेवटच्या पाच-सात मिनिटांत मात्र ओव्हनपासून हलू नका. ५५ ते ५७ ला बाहेर काढा. एव्हाना चॉप राखाडी, फिकट आणि दिसायला अगदीच निरुत्साही असेल. घाबरू नका, रंग आता येणार आहे. चॉप्स ओव्हनमध्ये असतानाच शेवटच्या दहा मिनिटांत जाड बुडाचा लोखंडी तवा मोठ्या आचेवर तापवून ठेवा. त्यात चमचाभर तेल, ते हलकंसं धुरकटलं की चॉप टाका. चुर्रर्र आवाज सलग यायला हवा. आवाज बसला तर तवा पुरेसा तापला नव्हता किंवा तुम्ही एकावेळी जास्त चॉप्स टाकलेत. एका बाजूला एक ते दीड मिनिट. मग चिमट्याने उभा धरून चरबीची कड तव्याला टेकवा, मिनिटभर, ती पारदर्शक होऊन कुरकुरीत होईपर्यंत. चॉपमधला सर्वांत चविष्ट घास तो, आणि बहुतेक जण तो पांढरा, रबरासारखा सोडून देतात. शेवटी आच कमी करून लोण्याचा तुकडा आणि ठेचलेली लसणाची पाकळी टाका, तवा तिरका करून ते लोणी दोन-चारदा चमच्याने वरून घाला. आता सुई ६० ते ६१ दाखवेल. बाहेर काढा, पाच मिनिटं तसाच ठेवा, तो आपसूक ६३ ला पोचतो. पोचला की नाही हे सुई लावूनच ठरवा, आणि पोचल्यावर तीन मिनिटं मोजा. नाही पोचला तर परत मिनिटभर तव्यावर.

आधी तव्यावर भाजून मग ओव्हनमध्ये घालायची उलटी रीतही आहे आणि बऱ्याच हॉटेलांत तीच चालते, कारण तिला वेळ कमी लागतो. तव्यावर एका बाजूला तीन मिनिटं, उलटवून तवाच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये, आठ ते बारा मिनिटं. पण त्या ओव्हनमध्ये आतलं तापमान मिनिटाला दोन-तीन अंशांनी चढतं, दार उघडायला उशीर झाला की गेलं. आणि बाहेर काढल्यावरही ते चार-पाच अंश चढत राहतं, म्हणून ५८-५९ लाच काढावं लागतं. मंद ओव्हनमध्ये तुम्हाला चुकायला जागा मिळते. घरी मी तीच रीत सांगेन. एक समज मात्र सोडून द्या: आधी भाजल्याने 'रस आत बंद होतो' हे खरं नाही. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरली आणि नंतरच्या प्रयोगांत ती टिकली नाही. भाजलेल्या थरातूनही पाणी जातंच. तव्यावरचं चुर्रर्र म्हणजे ते जाण्याचाच आवाज. भाजायचं ते चवीसाठी.

तवा वापरायचाच नसेल तर ओव्हन २२० अंशांवर, आत रिकामा ट्रे वीस मिनिटं तापू द्या, तेल लावलेले अडीच सेंटिमीटरचे चॉप्स त्या तापल्या ट्रेवर टाका, अर्ध्या वेळेला उलटा. बारा ते सोळा मिनिटं. दहाव्या मिनिटापासून सुई.

घरात आधीच आणलेले पातळ चॉप्स असतील तर त्यांना ओव्हनमध्ये घालूच नका. मीठ लावून, टिपून, कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, आणि काढा. इतक्या पातळ तुकड्याला थोडा खायचा सोडा चांगला मानवतो: अर्धा किलोला पाऊण छोटा चमचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात कालवून चोळायचा, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, धुऊन टिपायचा. सोड्याने मांसाची आम्लता कमी होते आणि प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत. जास्त वेळ ठेवलात तर साबणासारखी चव येते.

आणि जर तुम्हाला झाकून, तासभर ओव्हनमध्ये विसरून जायचीच पद्धत आवडत असेल, तर तीही चांगली आहे, फक्त तिला खांद्याचे चॉप्स घ्या. त्यांत कोलॅजन आणि चरबी दोन्ही आहेत. भरपूर कांदा परतून त्यावर चॉप्स, निम्मे बुडतील इतका स्टॉक, म्हणजे हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी, घट्ट झाकण, १६० अंशांवर दीड ते दोन तास. ते ९० अंशांवर जाऊनही मऊ होतात, किंबहुना तिथे गेल्याशिवाय होतच नाहीत. तुमची पाऊण तासाची, फॉइलखालची कृती बहुधा मुळात अशाच कापासाठी लिहिलेली असावी.

मध, साखर किंवा तयार बार्बेक्यू सॉस लावायचा तर शेवटच्या पाच मिनिटांत लावा, आधी लावलात तर मांस शिजायच्या आत साखर करपते. साधा सॉस हवा असेल तर चॉप्स विसावत असताना त्याच तव्यातली चरबी थोडी ओतून टाका, बारीक चिरलेला कांदा परता, अर्धी वाटी स्टॉक घालून तळाला चिकटलेलं लाकडी उलथन्याने खरवडा, निम्मं आटवा, आच बंद करून मोहरीची पेस्ट अर्धा चमचा आणि गार लोण्याचा तुकडा ढवळून मिसळा. चॉप्सखालच्या ताटलीत साचलेला रसही यातच.

उरलेले चॉप्स दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस राहतात. ते परत गरम करणं हेच खरं अवघड, कारण सुरक्षिततेची शिफारस ७४ अंशांची आहे आणि तिथे नेल्यावर सबंध चॉप पुन्हा वातड होतो. म्हणून सबंध गरम करू नका. फ्रीजमधून काढल्याबरोबर, गार आणि घट्ट असतानाच, धाग्यांना आडवे पातळ काप करा आणि उकळत्या सॉसमध्ये किंवा स्टॉकमध्ये मिनिटभर घोळवा. काप पातळ असल्याने चावायला त्रास होत नाही आणि सुटलेला रस त्या सॉसमध्येच राहतो. सँडविचमध्ये घालायचे असतील तर गारच घाला.